अ‍ॅलर्जी आहे? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "इम्युनिटी वीक झालीय म्हणून अ‍ॅलर्जी होते" असं धरून चालायचं आणि इम्युनिटी वाढवायचे काढे-गोळ्या सुरू करायच्या. अहो, इथे इम्युनिटी कमी पडत नाहीये, ती नको तिथे जोर दाखवतेय. परागकण, धुळीतले माइट्स, शेंगदाणा, यातलं काहीच जंतू नाही, तरी शरीर त्यांच्यावर तुटून पडतं.

दुसरी चूक, "इतकी वर्षं खातोय, कधी काही झालं नाही, मग त्याची कशी असेल?" असू शकते ना. सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत त्या गोष्टीविरुद्ध आयजीई नावाच्या अँटीबॉडीज (शरीर बचावासाठी बनवतं ती प्रथिनं) तयार होतात आणि त्या मास्ट सेल्सना जाऊन चिकटतात, या पेशी त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडं इथे भरपूर असतात, आणि मग कधीतरी तीच गोष्ट परत आली की या पेशी आतला हिस्टामिन नावाच्या रसायनाचा साठा बाहेर सोडतात, काही मिनिटांत खाज, शिंका, गांधी सगळं चालू. हे कुठल्याही वयात होऊ शकतं.

ब्लड टेस्टमध्ये आयजीई पॉझिटिव्ह आलं म्हणून यादीतलं सगळं खाणं बंद करणारे तर खूपच. पॉझिटिव्ह म्हणजे अँटीबॉडी आहे एवढंच, त्रास होतोच असं नाही. खाऊन काही होत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, लहान मुलांचं तर अजिबातच नाही. आणि त्वचेवर करतात ती स्किन टेस्ट असेल तर अँटीहिस्टामिन (अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी) किती दिवस आधी थांबवायचं ते विचारून घ्या, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. गांधी उठल्यात, ओठ सुजलेत, वर श्वास लागतोय किंवा चक्कर येतेय आणि घरचे म्हणतात गोळी दिलीय, बघू थोडा वेळ. बघायचं काही नाही! अँटीहिस्टामिन फक्त हिस्टामिनला अडवतं, पण मास्ट सेलमधून बाकीही बरंच काही बाहेर पडतं, श्वासनलिका आवळते, बीपी कोसळतं, हे त्या गोळीच्या हाताबाहेरचं. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. पेशंटला उभं करू नका, चालवू नका, आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर बसू द्या. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच, काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.