मे महिन्यात कोकणात पक्षी बघायला निघालात? या चुका टाळा

"काही नाही हो, नुसत्या घारी आणि कावळे." मे महिन्यात दापोलीकडे जाऊन आलेल्या पक्षीवेड्यांकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता मी उलट दोनच प्रश्न विचारतो. खाडीवर किती वाजता पोचलात? आणि त्या दिवशी तिथी कोणती होती? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात. तिथेच गडबड आहे.

तिथी न बघता खाडी गाठणं

खाडीकाठच्या माणसाला भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर बघावं लागत नाही. त्याचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण सहल आखायला पुरतं.

आता हे पक्ष्यांना लावून बघा. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पहाटे सहाला खाडी भरलेली असते. चिखल उघडा पडतो भर दुपारी, तेव्हा डोकं तापतं आणि दुर्बिणीत नुसती वाफ थरथरताना दिसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत उलट. साडेपाच-सहाला सुकती, मग पाणी हळूहळू चढत येतं आणि लांब चिखलात चरणारे पक्षी पावलापावलानं तुमच्याकडे ढकलले जातात. सहा ते नऊ, आंजर्ल्याच्या खाडीवर एका जागी बसून राहायचं. आपण चालायचं नाही, पाण्याला काम करू द्यायचं. भांगाच्या दिवसांत खाडीचा नाद सोडा आणि सकाळ देवराईत किंवा सड्यावर (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर) घालवा.

डिसेंबरची यादी मे महिन्यात घेऊन जाणं

किनाऱ्यावर कुरवांचे (सगळे ज्यांना सीगल म्हणतात ते) थवेच्या थवे उडतानाचे फोटो हिवाळ्यातले असतात. मे उजाडेपर्यंत कुरव आणि चिखल्या (खाडीच्या चिखलात चरणारे छोटे पक्षी) ही बहुतेक मंडळी उत्तरेकडे गेलेली असतात. मागे राहतात ते मुख्यतः पहिल्या वर्षाचे, यंदा विणीला न गेलेले पक्षी. तेही विटक्या पिसांचे, पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी धड न जुळणारे. अशा पक्ष्याचं नाव लागलं नाही तर वहीत "चिखल्या, जात नक्की नाही" असं लिहा. त्यात काही कमीपणा नाही.

याच्या उलट फसगत इथल्याच पक्ष्यांची होते. एका मित्रानं फोटो पाठवला: पाठ गडद मरून, मान पिवळट, डोक्यावर लांब पिसं. दोन दिवस वाद झाला, कोणी थेट परदेशी भरकटलेला पाहुणा ठरवून मोकळं झालं. ती निघाली ढोकरी. वर्षभर गटारकाठी मातकट अंगानं उभी असते तीच, विणीच्या हंगामात नटलेली. गायबगळाही या दिवसांत डोक्या-मानेवर नारिंगी होतो.

आणि हर्णै बंदर बघायचं असेल तर ते मेमध्येच उरका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या नाहीत तर लिलाव नाही, आणि लिलाव नाही तर माशांच्या तुकड्यांवर झेपावणाऱ्या ब्राह्मणी घारींची झुंबडही नाही.

गावातलं नाव पुस्तकातल्या नावाशी जोडणं

एका वाडीत काकांना विचारलं, मोठा पक्षी कुठला दिसतो? "गरूड. रोज येतो की त्या वडावर." मी समुद्रगरुडाच्या आशेनं तासभर आकाशाकडे बघत बसलो. वडावर येऊन फळं खाऊ लागला तो धनेश. कोकणात बऱ्याच ठिकाणी धनेशालाच गरूड म्हणतात. काकांचं काही चुकलं नव्हतं, माझाच प्रश्न अर्धवट होता. पक्षी काय खातो, कुठे बसतो, चोच कशी, हे विचारलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता.

धनेशाची ढोली मात्र कोणी दाखवली तरी झाडाखाली ठाण मांडू नका. मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो. मेमध्ये आत पिल्लंही असू शकतात. तुम्ही खाली उभे असलात की नर लांबच्या फांदीवर फळ चोचीत धरून बसून राहतो. आतल्यांची तेवढी उपासमार.

आवाज लावून बोलावणं

मेच्या अखेरीस नवरंग येतो, मागोमाग तिबोटी खंड्या. हा खंड्या रायगडचा जिल्हा पक्षी, त्यामुळे त्याच्यामागे कॅमेरे फार. फोनवर शीळ वाजवली की पक्षी समोर येतो हे खरं, पण तो येतो भांडायला, आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला म्हणून. बीळ उकरायचं आणि जोडी जमवायची त्या दिवसांत ही मारामारी त्याला परवडत नाही. नवरंगासाठी पहाटे आणि तिन्हीसांजेला ओढ्याकाठी गप्प बसा. दोन सुरांची शीळ ऐकू आली की फांद्यांवर नाही, खाली पाचोळ्यात बघा.

ऐकलेला आवाज ओळखून देणाऱ्या अ‍ॅपवरही डोळे मिटून विसंबू नका. एकदा माझ्या फोननं दहा मिनिटांत चार जाती मोजल्या. झाडावर होता एकटा भृंगराज, नकला करत.

सड्यावर खाली न बघता चालणं

ही चूक माझी. कातळावर मोटरसायकल लावली आणि टिटवीनं डोक्यावर थयथयाट मांडला. अंडी होती चाकापासून दोन हातांवर: चार, जांभ्याच्याच रंगाची, खड्यांत खडा. टिटवी ओरडत अंगावर येत असेल तर अंडी शोधत बसू नका, आल्या वाटेनं मागे फिरा. दुपारचा कातळ तव्यासारखा तापतो. ती पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर उभी राहून सावली धरते. तिला अर्धा तास लांब ठेवलं तरी अंडी जाऊ शकतात.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात: एसी खोलीतून थेट बाहेर काढली की काचा धुरकटतात, पुसून उपयोग नाही. अर्धा तास आधी पिशवीसकट ओट्यावर ठेवा. परत आल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

थकलेला पक्षी समुद्रात सोडणं

मेच्या शेवटी वारा फिरला, वादळ झालं की खोल समुद्रातले पक्षी कधीकधी वाळूवर येऊन पडतात. लोक प्रेमानं उचलतात आणि पुन्हा लाटेत सोडतात किंवा हवेत उडवतात. तो दमून पडलेला असतो, बुडतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, सावलीला ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत झाकण सारखं उघडून बघू नका. मोह होतो, मलाही झाला होता.