पावसाळ्यात गिटार ठेवून देताय? आधी तारा पुसा

मे संपत आला की आमच्या रत्नागिरीच्या घरात पापड, कुरडया, मसाले सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात जातं कारण एकदा सादळलं की गेलं, पण गिटारचा विचार कोणी करत नाही. मीही केला नव्हता. कॉलेजसाठी पुण्याला गेलो तेव्हा जूनमध्ये गिटार पातळ बॅगेत घालून कपाटावर ठेवली आणि दिवाळीला येऊन चेन उघडली तर आधी कुबट वास, मग बघतो तर बारीक दोन तारा तपकिरी झालेल्या, बोट फिरवलं तर बोटाला गंज लागला, ट्यूनिंग कीचे, म्हणजे तारा आवळायच्या खुंट्यांचे, स्क्रू हलेनात आणि प्रीअँपमधली (आवाज वाढवणारं गिटारमधलं सर्किट) नऊ व्होल्टची बॅटरी लीक होऊन क्लिपवर हिरवट-पांढरी पावडर जमलेली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी जे करतो ते लिहितोय. मुंबई, अलिबाग, मालवण, गोवा, समुद्राजवळ जे कोणी राहतात त्यांनी नक्की करा.

गंज नुसत्या दमट हवेने येतो असं आपल्याला वाटतं पण अर्धं काम आपल्याच हातचा घाम करतो. मिठाची बरणी आठवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. घामातही तेच मीठ आहे. वाजवून झालं, घाम सुकला, मीठ मात्र तारेवरच राहिलं, आणि जुलैत हवा ८५-९० टक्क्यांवर गेली की त्या मिठालाही पाणी सुटतं आणि तार आठवडेच्या आठवडे खाऱ्या पाण्यात बसल्यासारखी होते, बॅगेची चेन लावलेली असली तरी.

म्हणून ठेवायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं काम पुसायचं. हात साबणाने धुवा, कोरडे करा, जुना सुती बनियन घ्या आणि एकेक तार कपड्याच्या चिमटीत धरून नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा अडकवतात तो भाग) ओढा. तारेची फ्रेटबोर्डकडची (मानेवरची, बोटं दाबतो ती लाकडी पट्टी) बाजू सगळे विसरतात आणि गंज बरेचदा तिथूनच सुरू होतो. कपड्यावर काळी रेघ येते, ती यायची थांबेपर्यंत पुसायचं. मग ब्रिज, ट्यूनिंग कीज, पट्ट्याची बटणं, जिथे जिथे हात लागतो ते सगळं.

कुठला धातू काय करतो तेही बघून घ्या. बारीक साध्या तारा स्टीलच्या, वर कथिलाचा पातळ थर, तो घासला गेला की आतलं लोखंड लालसर गंजतं. अकूस्टिकच्या जाड तारांवर ब्राँझची गुंडाळी असते म्हणजे मुख्यतः तांबं, ती घरातल्या तांब्यासारखी काळी पडते नाहीतर हिरवट कळकते. फ्रेट्स (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बहुतेक निकेल सिल्व्हरचे, नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं निकेल आणि जस्त असतं, तेही हिरवट पडतात पण लाल गंज धरत नाहीत. म्हणजे लाल दिसलं की लोखंड, हिरवं दिसलं की तांबं. इलेक्ट्रिक असेल तर पिकअपचे (तारांखालचं, आवाज पकडणारं चुंबकी यंत्र) पोल पीस म्हणजे त्यावरचे धातूचे ठिपके आणि ब्रिज सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) छोटे स्क्रू बघा, गंज आधी तिथे धरतो. आणि तो काढायला स्टील वूल घेऊ नका, त्याचा चुरा पिकअपच्या चुंबकाला चिकटून बसतो तो निघता निघत नाही.

स्क्रूंसाठी शिलाई मशीनचं तेल. टूथपिकच्या टोकावर एक थेंब घ्या, स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, जास्तीचं पुसून टाका, बास. लाकडावर तेल सांडू देऊ नका आणि फ्रेटबोर्डला खोबरेल तर अजिबात लावू नका, काही महिन्यांनी खवट होतं आणि धूळ धरतं. बॅटरी काढून वेगळी ठेवा.

नवीन तारा लावून ठेवू का असं बरेच जण विचारतात, माझ्या मते पैसे वाया. जुन्या पुसून ठेवा, परत वाजवायला काढाल तेव्हा नवीन लावा. तारा एक स्वर खाली उतरवल्या तरी पुरतं, सगळ्याच काढून टाकायची गरज नाही कारण मानेतला ट्रस रॉड (मान वाकू नये म्हणून आत घातलेली धातूची सळई) तारांच्या ताणाच्या हिशोबाने आवळलेला असतो.

आता जागा. पातळ बॅगेपेक्षा हार्ड केस कधीही चांगली, आतली हवा हळूहळू बदलते. बाहेरच्या भिंतीला टेकवून नको (पावसाचा मारा त्याच भिंतीवर असतो), जमिनीवर नको, स्लॅबखालच्या माळ्यावर तर नकोच, आतल्या भिंतीचं कपाट बेस्ट. केस बंद करायला कोरडी दुपार निवडा, भर पावसात बंद केली तर ओल आतच कोंडली जाते. प्लास्टिकच्या पिशवीचंही तेच.

केसमध्ये सिलिका जेल ठेवा, पण चपलेच्या खोक्यातली एवढीशी पुडी पुरत नाही, निदान २००-२५० ग्रॅम कापडी पिशवीत भरून ठेवा. केशरी दाणे घ्या जे ओल धरल्यावर हिरवे होतात, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास सुकवा, परत वापरता येतात. तांदूळ ठेवू नका, ओल फारशी ओढत नाही आणि किडे होतात. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक आणि पॉलिश मऊ पडतं.

एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक पण घ्या. आकडा ४५ ते ५५ मध्ये उत्तम, पावसाळ्यात ६० च्या खाली राहिला तरी छान. मापक बरोबर आहे का ते मीठच सांगतं: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा, झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत दिवसभर बंद ठेवा, आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवला तर तुमचा मापक पाच कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचायचं.

एसीत ठेवत असाल तर गार गिटार एकदम बाहेरच्या दमट हवेत उघडू नका, थंड तारांवर दव धरतं. केस बंदच राहू द्या तासभर.

आणि चार महिने विसरू नका. श्रावणात ऊन पडेल त्या दुपारी केस उघडा, गिटार उन्हात नाही, पंख्याखाली सावलीत अर्धा तास ठेवा आणि पांढरा कपडा तारांवरून फिरवा. तपकिरी रेघ आली तर ती तार लगेच काढून टाका, गंजलेली तार फ्रेट घासते आणि फ्रेट बदलणं तारेसारखं स्वस्त नाही. कपडा पांढरा राहिला तर सिलिकाचा रंग बघा आणि केस बंद करा.