दोन फटक्यांमधलं मन: गोल्फ खेळणाऱ्या मुलांना खंबीर कसं करावं

आमच्या बेळगावात पोराला खेळाडू करायचं म्हटलं की आधी तालीम आठवते. आखाड्यात विचार करायला सवडच नसते. समोरच्यानं पट काढला की हात आपोआप जातो. गोल्फचं नेमकं उलटं आहे. अठरा होल चालत खेळायला चार तास तरी लागतात आणि त्यात प्रत्यक्ष फटके मारण्याचा वेळ मोजला तर काही मिनिटंच भरतो. उरलेला सगळा वेळ पोर चालत असतं आणि मनातल्या मनात बडबडत असतं. फटका कसा मारायचा ते कोच शिकवतो, पण त्या चालण्यात काय करायचं हे बहुतेक वेळा कुणीच शिकवत नाही.

माझी भाची बारा वर्षांची आहे. गेली तीन वर्षं कॅम्पातल्या मैदानावर खेळते आणि तिची बॅग मी ओढतो. पुढचं सगळं त्यातून आलंय, बरंचसं माझ्याच चुकांमधून.

आधी फटक्यापूर्वीचा क्रम पक्का करा. चेंडूच्या मागं उभं राहायचं, नेम ठरवायचा, एक लांब श्वास, एकदा हवेत स्विंग, मग चेंडूजवळ जाऊन नेमाकडं एक नजर आणि फटका. दरवेळी हाच क्रम. नेम बारीक हवा. "फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) मारते" हा नेम नव्हे, "त्या निलगिरीच्या डाव्या फांदीकडं" हा नेम. नियमांची शिफारस आहे की फटका 40 सेकंदांत व्हावा, त्यामुळं क्रम लांबलचक नको. तो मुलालाच ठरवू द्या. आमची भाची मध्येच टोपी खाली ओढते. त्याचा उपयोग काय हे तिलाही सांगता येत नाही, पण ते तिचं आहे, म्हणून राहू दिलंय.

सरावात मात्र थोडं कडक व्हा. पन्नास चेंडू धडाधड मारण्यापेक्षा दहाच मारू द्या, पण प्रत्येक पूर्ण क्रमानं.

रागाला जागा द्या, पण मोजून. "रागावू नकोस" म्हटल्यानं कुणाचा राग गेलाय? टायगर वूड्सचा दहा पावलांचा नियम आमच्या कामी आला: वाईट फटक्यावर चिडायचं, पण दहा पावलंच. आम्ही त्याला एक जोड दिली. क्लब, म्हणजे फटका मारायची काठी, बॅगेत गेला की विषय संपला. मग पुढं काय करायचं? पाखरं बघायची, केळं खायचं, मामाला शाळेतलं काहीतरी सांगायचं. चेंडूपासून वीसेक पावलांवर आलं की परत कामाला लागायचं.

इथं नियमांची माहिती फार उपयोगी पडते, हे मला उशिरा कळलं. गेल्या श्रावणात तिचा चांगला उंच फटका लाल चिखलात रुतला. "माझ्याच नशिबी का?" म्हणून डोळ्यांत पाणी. खरं तर ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ), बंकर (वाळूचा खड्डा) आणि पेनल्टी एरिया (तळं-ओढ्यासारखी दंडाची जागा) सोडून मैदानावर चेंडू आपल्याच आघातानं असा रुतला तर दंड न होता उचलता येतो, पुसता येतो आणि त्या खड्ड्यामागं एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न सरकता, टाकता येतो. हे तिला माहीत नव्हतं, मलाही नाही. सोबतच्या एका जुन्या कॅडीनं, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणाऱ्यानं, सांगितलं तेव्हा डोळे पुसले गेले. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, हेही आधीच सांगून ठेवा, म्हणजे झुडपात घाबरगुंडी उडत नाही.

अपेक्षा खऱ्या आकड्यांवर आणा. आठ फुटांवरून पुट, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालायचा हलका फटका, चुकला की पोरं डोकं धरून बसतात. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून जेमतेम निम्मे पुट घालतात. वीस फुटांवरून शंभरात पंधराच्या आसपास. हे आकडे मुलाला सांगा, आणि खरं सांगायचं तर आधी स्वतः पाठ करा, कारण मैदानाकडेला जीभ चावणारे आपणच असतो.

सरावात मुद्दाम दडपण आणा. घरात सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवा. त्याचं तोंड असतं सात-आठ सेंटिमीटरचं आणि खऱ्या होलचा व्यास असतो 10.8 सेंटिमीटर. पेल्याची सवय झालेल्या पोराला ग्रीनवरचा होल परातीएवढा दिसतो. तीन फुटांवरून लागोपाठ दहा घालायचे, एक चुकला की परत एकपासून. नववा-दहावा आला की आजीला मागं उभं करा आणि बोलू द्या. आमच्याकडं पैज कुंद्याची असते. दहा पुरे झाले तर मी आणायचा, नाहीतर तिच्या वाटणीचा मी खायचा. आठव्या पुटला तिचे हात कसे घट्ट होतात ते बघण्यासारखं असतं, आणि ती मग आपणहून टोपी ओढून श्वास घेते.

घरी परततानाची दहा मिनिटं. सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. मी केलंय. एका स्पर्धेत तिचे शेवटचे चार होल बिघडले. काँग्रेस रोडवरून हिंदवाडीला वळताना दुसरं रेल्वे गेट पडलं आणि गाडी जाईपर्यंत माझं व्याख्यान चालू. ती खिडकीबाहेर बघत होती. पुढं आठ दिवस तिनं क्लबला हात लावला नाही.

आता पहिला प्रश्न "किती झाले?" हा नसतो. भूक लागली काय, एवढंच. खेळाबद्दल ती बोलली तर बोलायचं, नाहीतर गप्प. चुका काढायच्या तर दुसऱ्या दिवशी, आणि एकच. घरी वही आहे. त्यात तीन चांगले फटके, एक सुधारायची गोष्ट आणि किती वेळा क्रम पूर्ण पाळला याचा आकडा. हा तिचा दुसरा स्कोअर. हा हातातला असतो, पहिला वाऱ्यापावसावरही अवलंबून.

फार वाईट दिवस गेला तर मोठ्यांच्या गोष्टी सांगा, पण उपदेश न जोडता. बेंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये एका फटक्यानं पदकाला मुकली, चौथी आली. बॅग तिच्या आईनं उचलली होती. 2023 मध्ये तिनं लेडीज युरोपियन टूरवर दोन स्पर्धा जिंकल्या. रोरी मॅकिलरॉय 2011 च्या मास्टर्समध्ये चार फटक्यांनी पुढं असताना शेवटच्या दिवशी 80 फटके घेऊन मागं पडला आणि दोनच महिन्यांत यूएस ओपन आठ फटक्यांच्या फरकानं जिंकला.

प्रत्येक स्पर्धेआधी पोटात दुखणं, झोप उडणं, खेळच नको वाटणं असं होत असेल तर वरचं काही लावू नका. खेळ थांबवा, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

आणि हे सगळं एकदम सुरू करू नका. आपल्याकडं जूनपासून चार महिने मैदान भिजलेलंच असतं, तेव्हा पेला आणि सतरंजी पुरे. पाऊस ओसरला की फटक्याआधीचा क्रम. दहा पावलं त्याच्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास.