नगरपरिषदेत नव्याने रुजू झालात? आधी हेड विचारा

२०२३ साली नगरपरिषद राज्यसेवा गट-क ची १,७८२ जागांची जाहिरात आली होती. त्यातून लागलेली मुलं-मुली आता राज्यभरातल्या नगरपरिषदांत बसली आहेत. त्यातल्या काहींचे फोन येतात. प्रश्न फिरून फिरून एकच: "सर, कॉलेजात डिझाइन शिकलो, परीक्षेला कलमं पाठ केली. इथे दिवसभर फायली आणि माणसं. यातलं काय आधी शिकायचं?" मी स्थापत्य अभियंता. नोकरी बहुतेक क वर्ग नगरपरिषदांत, म्हणजे ४० हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांत गेली. त्यामुळे पुढचं सगळं त्याच आकाराच्या गावाबद्दल. महापालिकेत लागलेल्यांनी यातलं अर्धं सोडून द्यावं.

आधी शिकायचं ते हेड. हेड म्हणजे लेखाशीर्ष, पैसा कुठल्या खात्यातून पडणार ते. गावाला काय हवंय हे चहाच्या टपरीवर कुणीही सांगेल. ते कुठल्या पैशातून होईल हे सांगणारी माणसं अख्ख्या कार्यालयात दोन-तीन असतात आणि त्यातलं एक नक्की लेखा विभागात बसलेलं असतं. माझ्या पहिल्या नगरपरिषदेतल्या लेखापाल ताई कुठलंही अंदाजपत्रक समोर ठेवलं की शेवटचं पान उलटून विचारायच्या, "रस्ता छानच आहे हो साहेब, पण हेड कुठलं?" सुरुवातीला मला हा खडूसपणा वाटायचा. पुढे कळलं की बांधकाम विभागाला विचारायचा याहून कामाचा प्रश्न नाही.

छोट्या नगरपरिषदेची स्वतःची कमाई म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडं, आठवडी बाजाराची वसुली, थोडंफार विकास शुल्क. नगरपरिषदांची जकात १९९९ साली बंद झाली, तेव्हापासून पगाराचा मोठा भार शासनाच्या सहायक अनुदानावर आहे. उरलेल्या स्वनिधीतून पेन्शन, सफाईचा ठेका, पंपाचं आणि पथदिव्यांचं वीजबिल भागवलं की खडखडाट. म्हणून नवीन काम जवळपास नेहमी योजनेच्या पैशातून होतं, आणि योजनेचा पैसा अटी घेऊनच येतो. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी घ्या. आपल्यासारख्या गावांसाठी त्यातला ६० टक्के बंधित: अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार करता येत नाही. या आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचा. सोळाव्याच्या अटी जुन्याच असतील असं धरून चालू नका, शासन निर्णय मुळातून वाचा. वस्ती सुधारणेचा निधी त्या वस्तीच्या हद्दीतच खर्चावा लागतो. नगरोत्थान या राज्याच्या योजनेला नगरपरिषदेचा स्वहिस्सा भरावा लागतो, आणि तो कुठून आणायचा यावर एक वेगळी मीटिंग होते.

सगळ्यात मजेशीर वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी. तिथे कामाचं नावच यादीत छापून येतं. "प्रभाग क्र. अमुक, अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या दुकानापर्यंत सिमेंट काँक्रीट रस्ता करणे." यादी आली की पहिल्या दिवशी टेप घेऊन जागेवर जा. कधी तो रस्ता दुसऱ्या हेडमधून आधीच झालेला असतो, कधी तमुक यांनी दुकान विकून वर्ष झालेलं असतं आणि नवीन मालक म्हणतो, माझ्या दारात कशाला. कामात बदल करायचा तर प्रस्ताव पुन्हा वर जातो, आणि वर गेलेला कागद खाली यायला किती वेळ लागतो ते कळेलच.

एवढं सांगण्याचं कारण असं की गावात काय बांधलं जातं हे गरजेपेक्षा हेडवर जास्त ठरतं. नाक्यावरचा नाला तुंबतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या वर्षी पैसा सुशोभीकरणाचा आलेला असतो, म्हणून नाल्यालगत पेव्हर ब्लॉक बसतात. नवा अभियंता यावर चिडतो. चिडण्यापेक्षा एक करा. गावाला खरोखर लागणाऱ्या कामांची अंदाजपत्रकं आधीच तयार करून कपाटात ठेवा: मोजमापं, नकाशा, जागेचा सिटी सर्व्हे उतारा किंवा सातबारा, चालू दरसूचीचे दर, सगळं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जिल्हा नियोजनमधून फोन येतो, "तयार प्रस्ताव आहे का?" ज्याच्या कपाटात फाइल असते त्याच्या गावाचा नाला होतो. नसते तो घाईत पेव्हर ब्लॉकचंच अंदाजपत्रक करतो, कारण ते तासाभरात होतं. छोट्या गावाच्या विकासाबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं या एका फोनमध्ये आलं.

आता जमिनीखालचं. रस्ता करण्याआधी खाली काय आहे ते विचारा. अमृत योजनेची नवी जलवाहिनी येणार असेल तर तिच्या आधी काँक्रीट टाकू नका, हे सांगायला अभियंता लागत नाही. तरी दर गावात असं घडतं, कारण दोन कामांची हेडं वेगळी आणि दोघांच्या मुदती वेगळ्या. पाइपांचा नकाशा कार्यालयात बहुधा नसतो. तो व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. आमच्याकडचे व्हॉल्व्हमन मामा चावी उभी धरून चालत जायचे आणि म्हणायचे, "इथनं सहा इंची जाते, त्या लिंबाखालून चार इंची वळते, आणि या घराचं कनेक्शन चोरीचं आहे, पण तुम्ही मला विचारलं नव्हतं." मामा निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याबरोबर पूर्ण गाव फिरा. प्रत्येक व्हॉल्व्हचं ठिकाण मोबाइलवर टिपा आणि नकाशावर चढवा. त्या दिवसांचा प्रवासभत्ता कुणी देणार नाही.

तुमच्याकडे पाणीपुरवठा आला असेल तर ओटी टेस्ट शिकून घ्या. परीक्षानळीत नळाचं पाणी, ऑर्थोटोलिडीनचे थेंब, आणि पिवळा रंग किती गडद होतो ते तक्त्याशी ताडून पाहायचं. पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. टाकीखालच्या नळावर चाचणी छानच येते. करायची ती लाइनच्या शेवटच्या घरात, जिथे पाणी करंगळीएवढं येतं. तिथे रंग आला नाही तर जलशुद्धीकरण केंद्राचं रजिस्टर काहीही म्हणो, वाटेत कुठेतरी गटाराचं पाणी आत येत असू शकतं. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात रोज करा. गॅस्ट्रोची साथ आली की जो चौकशीचा कागद येतो त्यात पहिला रकाना हाच असतो.

बांधकामाच्या कागदांचा क्रम पुस्तकात आहेच, त्यावर वेळ घालवत नाही: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, दोन लिफाफे, कार्यारंभ आदेश. फार खालच्या दराने निविदा भरणाऱ्याकडून जादा अनामत घ्यायची असते. ती घ्या आणि तरीही त्याच्यावर डोळा ठेवा. खरी नोकरी कार्यारंभ आदेशानंतर सुरू होते.

काँक्रीट पडताना क्यूब, म्हणजे मजबुती तपासायचे ठोकळे, स्वतः भरा. पंधरा सेंटिमीटरचा साचा, आतून तेल लावलेला. काँक्रीट तीन थरांत भरायचं आणि प्रत्येक थराला सळीने किमान ३५ ठोके. हे ३५ मोजायचे, अंदाजाने नाही. वरून थापी मारून सपाट केलं की ओल्या काँक्रीटवर खिळ्याने तारीख आणि कामाचा क्रमांक कोरायचा आणि स्वतःच्या सहीची चिठ्ठी वरच्या थरात दाबायची. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब पाण्यात ठेवायचे. ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फुटतील ते हेच असले पाहिजेत. ठेकेदाराच्या गोदामात "खास" क्यूब वेगळे भरलेले असतात हे तुम्हाला पहिल्याच कामावर कुणीतरी हसत हसत सांगेल. सांगणारा बहुधा ठेकेदारच असतो, तुमचा अंदाज घेत असतो. चिठ्ठी दाबताना त्याने पाहिलं की पुढच्या कामाला सिमेंटची पोती बरोबर येतात.

पाणी मारणं हा दुसरा मुद्दा. काँक्रीट रस्त्यावर मातीचे आळे करून पाणी साठवलं नाही तर सगळं वाया. ठेकेदार टँकर एक दिवस पाठवतो आणि फोटो काढतो. गल्लीतल्या एखाद्या आजीला सांगून ठेवा, पाणी आलं नाही तर फोन करा म्हणून. आजी करतात. गुणनियंत्रणाची याहून स्वस्त यंत्रणा मी पाहिलेली नाही.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, कामाच्या जागी भरायची. संध्याकाळी घरी बसून, ठेकेदाराच्या मुनीमाने दिलेल्या आकड्यांवरून नाही. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करायची, पांढरी शाई लावायची नाही. दहा वर्षांनी लेखापरीक्षणाची हरकत निघते तेव्हा त्या गावात ना मुख्याधिकारी तेच असतात, ना ठेकेदार, ना नगराध्यक्ष. सही तेवढी तुमची असते.

आता सभा. बहुतेक नगरपरिषदांत तीन-चार वर्षं प्रशासक होते. त्या काळात रुजू झालेल्यांनी सर्वसाधारण सभा पाहिलेलीच नव्हती. ठराव म्हणजे प्रशासकांची एक सही असंच त्यांना वाटायचं. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर सभागृहं पुन्हा भरली आहेत, तेव्हा थोडी तयारी हवी. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण ७ दिवस आधी जावी लागते, विशेष सभेची ३ दिवस. विषयपत्रिका आली की तुमच्या विभागाच्या प्रत्येक विषयाची टिपणी स्वतः लिहा, अर्ध्या पानात. सभेत लांब टिपणी कुणी वाचत नाही, "वाचली असे समजून" पुढे जातात आणि नंतर "आम्हाला सांगितलंच नव्हतं" म्हणतात. नियमबाह्य ठराव झालाच तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी तो स्थगित करू शकतात, पण तिथवर जाण्याआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी अभिप्राय देऊन ठेवा. तोंडी सांगितलेलं सभागृहाबाहेर पडताच हवेत विरतं.

नगरसेवकांबद्दल एक. नवी मुलं त्यांना टाळतात. माझं मत उलटं आहे. पहाटे पाणी आलं नाही म्हणून ज्याच्या दारात बायका हंडे घेऊन उभ्या राहतात त्याला प्रभागातली प्रत्येक गळती माहीत असते. काम कसं करायचं हे त्याला विचारू नका, कुठे करायचं हे जरूर विचारा. आणि "करतो अण्णा" असं कधी म्हणू नका. "अण्णा, हेड नाही, पुढच्या वित्त आयोगात घेऊ" म्हणा. एकदा नाराज होतील, पण पुढच्या वेळी तेच लोकांना हेड समजावून सांगतील. गावातला मुख्य रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, हेही त्यांना आधीच सांगा, नाहीतर त्या खड्ड्यांच्या शिव्याही तुम्हीच खाल.

वसुली आपल्या विभागाची नाही असं अभियंत्यांना वाटतं. पण स्वहिस्सा तिथूनच येतो. मालमत्तांची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी, आणि थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. वरच्या मजल्याचं बांधकाम तुम्ही पाहिलं आणि कर विभागाला कळवलं नाही तर नोंद तळमजल्याचीच राहते. असंच विकास आराखड्यातल्या आरक्षणांचं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागांचं. १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही मुदतीत हालचाल झाली नाही की बागेचं आरक्षण उडतं. अशी नोटीस आवक-जावकमध्ये पडून राहिली तर गावाची बाग कायमची जाते. आवक लिपिकाशी मैत्री ठेवा.

पैसा नाही म्हणून काहीच होत नाही, असंही नाही. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला पाहा. २०११ च्या जनगणनेत साडेबारा हजारांच्या आतलं गाव. तिथले तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे आणि नगरपरिषदेच्या लोकांनी घरातच कचरा वेगळा करायला लावला, ओल्यातून बायोगॅस काढला, प्लास्टिक बारीक करून रस्त्यांत वापरलं, आणि डंपिंग ग्राउंड माणसं मुद्दाम पाहायला जातात असं केलं. तिथे रजा टाकून जा. यंत्रं पाहू नका, ती विकत मिळतात. सकाळी घंटागाडीबरोबर फिरा आणि मिसळलेला कचरा आला तर कर्मचारी काय करतो ते पाहा.

शेवटचं, रुजू होण्याच्या दिवसाचं. आधीचा अभियंता बदलीच्या घाईत असतो, चार्ज यादीवर "सर्व दफ्तर मिळाले" असं लिहून सही मागतो. द्यायची नाही. एमबी क्रमांकवार मोजून घ्या आणि प्रत्येकीचं शेवटचं वापरलेलं पान लिहून घ्या. चालू कामांच्या अनामतींची आणि दोषदायित्वाच्या, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायच्या मुदतीच्या, तारखांची यादी करा. न मिळालेल्या एमबींचे क्रमांक यादीतच लिहून मुख्याधिकाऱ्यांची पोच घ्या. दोन दिवस लागतात, चहा थंड होतो, समोरचा वैतागतो. सही तिसऱ्या दिवशी करा.