छुसॉक: आधी सासर, मग जेजू

छुसॉक हा कोरियातला सुगीचा सण, म्हणजे चांद्र आठव्या महिन्याची पौर्णिमा, सुट्टी तीन दिवसांची. विमानाची तिकिटं दोन-तीन महिने आधीच काढा. सोलच्या गिम्पो विमानतळाहून जेजू बेट सव्वा तासावर.

सोंगप्यॉनला, म्हणजे या सणाच्या सारण भरलेल्या तांदळाच्या पक्वान्नाला, मात्र घाई नको. तांदळाची पिठी कढत पाण्याने मळायची, मोदकाच्या उकडीसारखी मऊ. सासूबाई सारणात भाजलेले तीळ आणि मध घालतात. करंजीसारखी अर्धचंद्राकार कड घट्ट मिटा, पाइनच्या पानांवर वाफवा, गरम असतानाच तिळाचं तेल लावा. काय दरवळतं घर! सकाळी पूर्वजांना नैवेद्य दाखवतात, तेव्हा पूर्ण वाकून दोनदा नमस्कार करा.

जेजूला दुसऱ्या दिवशी निघा. तिथला सोंगसान इल्चुलबोंग हा ज्वालामुखीचा डोंगर १८२ मीटर उंच, सूर्योदयाला आमची मुलंही चढली. उरलेले सोंगप्यॉन डब्यात घ्या, वर बसून खायला.