सरड्यांच्या मलेरियावर काम करायचंय? आधी रक्तलेप वाचायला शिका

सरड्यांनाही मलेरिया होतो हे कळल्यावर या विषयाकडे वळणारे बहुतेक जण थेट पीसीआरबद्दल, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून परजीवी ओळखण्याच्या चाचणीबद्दल विचारतात. माझा आग्रह मात्र आधी सूक्ष्मदर्शकाशी बसण्याचा असतो.

माणसाच्या रक्तलेपावर, म्हणजे काचपट्टीवर पातळ पसरलेल्या रक्तावर, नजर बसलेली असली तरी ती इथे नव्याने घडवावी लागते. सरड्याच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि प्रत्येकीत केंद्रक असतं. त्यामुळे गिम्झा या रंगाने रंगवलेल्या काचपट्टीवर जिकडेतिकडे जांभळंच दिसतं. त्यात पेशीवर साचलेला रंगाचा कण परजीवीसारखा भासतो. अशा वेळी फोकस हळूहळू फिरवावा. परजीवी पेशीबरोबरच स्पष्ट होतो, रंगाचा कण मात्र तिच्या वरच्या पातळीवर. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो निरोगी प्राण्यांचे लेप भरपूर पाहण्याचा.

मग हिमोझोइन शोधायचं, म्हणजे हिमोग्लोबिन पचवल्यावर परजीवीत उरणारे तपकिरी-काळे कण. हेपॅटोझून हा रक्तातला दुसरा परजीवी लांबट असतो, पेशीचं केंद्रक बाजूला ढकलतो, पण त्यात हे कण नसतात. कण आहेत आणि शायझॉन्ट, म्हणजे रक्तातच विभाजन होणाऱ्या अवस्थेतले परजीवीही आहेत, तर तो मलेरियाचा परजीवी प्लास्मोडियम. कण असलेले फक्त गॅमेटोसाइट (परजीवीची लैंगिक अवस्था) दिसले तर घाई करू नका. तो कासवांत आणि पालींत आढळणारा हीमोसिस्टिडियम हा त्याचा नातलग परजीवी असू शकतो, किंवा जुना झालेला प्लास्मोडियमचा संसर्गही. त्याच प्राण्याचा काही दिवसांनी घेतलेला लेप इथे मोलाचा ठरतो.

प्राणी पकडून रक्त घेण्याच्या परवानग्या आधी हातात हव्यात. लहान सरड्याचं एक थेंब रक्त पुरतं. त्यातूनच लेप करायचा आणि उरलेलं फिल्टर पेपरवर वाळवायचं. कासवाचं रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नको, त्याने पेशी फुटतात, त्याऐवजी हेपारिन वापरा.

या वाळवलेल्या डागावर पुढे सायटोक्रोम-बी जनुकाचा पीसीआर होतो. लेपात न दिसणारा क्षीण संसर्ग तो पकडतो, म्हणून तो हवाच. पण परजीवी कोणत्या अवस्थेत आहे हे तो सांगत नाही, आणि मिश्र संसर्गात एखादी जाती झाकली जाते.

कीटकांची आवड असेल तर वाहकांकडे, म्हणजे परजीवी पसरवणाऱ्या कीटकांकडे जरूर वळा. कॅलिफोर्नियातल्या कुंपण-सरड्यांमधला प्लास्मोडियम मेक्सिकॅनम डासांमुळे नव्हे, सँडफ्लाय या रक्त पिणाऱ्या बारीक माशीमुळे पसरतो. सरड्यांतल्या बहुतेक प्लास्मोडियम जातींचा वाहक अजून कुणालाच ठाऊक नाही, आणि नव्या माणसाला स्वतःचं म्हणता येईल असं काम मला इथेच सर्वाधिक दिसतं.