डिझेल ट्रकचे ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग एकाच वेळी जड झाले? या चुका टाळा

ब्रेकचे पेडल कडक लागू लागले की अनेक जण थेट बूस्टर (पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणारा भाग) बदलायला काढतात आणि त्याच सुमारास स्टिअरिंगही जड झाले आहे, याकडे दुर्लक्ष करतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही. म्हणून काही ट्रकना वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तर हायड्रोबूस्ट असलेल्या ट्रकमध्ये पॉवर स्टिअरिंगचा पंपच ब्रेक बूस्टरलाही तेलाचा दाब पुरवतो. अशा गाडीत दोन्ही तक्रारी जोडीने आल्या, तर दोघांना समाईक असलेल्या गोष्टी, म्हणजे तेलाची पातळी, बेल्टचा ताण आणि पंप, आधी पाहाव्यात. एअर ब्रेकच्या अवजड वाहनांना हे गणित लागू नाही.

हायड्रोबूस्टच्या ट्रकमध्ये बूस्टरला मदत मिळते की नाही, हे पाहायला कोणतेही हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून, साठलेला दाब संपून पेडल कडक होईपर्यंत ते दाबत राहावे. मग पेडलवर हलका पाय ठेवूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन पुन्हा पायाला वर ढकलल्यासारखे जाणवले, तर मदत मिळते आहे. काहीच जाणवले नाही, तर दोष पंपात किंवा बूस्टरमध्ये आहे. स्टिअरिंग हलके असेल, तर संशय बूस्टरवर जास्त.

पायाखाली पेडल हळूहळू बसत जाणे ही मात्र निराळी तक्रार आहे. तिथे बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबताच ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) तपासावा.

दुसरी गंभीर चूक तेलाची. ब्रेक ऑइल आणि पॉवर स्टिअरिंगचे तेल एकमेकांच्या टाकीत कधीही घालू नये, कारण स्टिअरिंगचे खनिज तेल ब्रेकमधील रबरी सील फुगवते आणि मग जिथे जिथे ते पोहोचले, तेथील सील बदलावे लागतात.

नवे तेल भरल्यावर त्यात फेस दिसत असेल किंवा पंप घोंघावत असेल, तर पंप बाद ठरवण्याची घाई करू नये, कारण बहुधा हवा अडकलेली असते. पुढची चाके उचलून गाडी स्टँडवर पक्की टेकवावी, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवावे आणि टाकीतील पातळी खाली जाईल तसे तेल घालत राहावे. नंतर इंजिन सुरू करून हेच पुन्हा करावे, मात्र स्टिअरिंग टोकाला दाबून धरू नये. तिथे पंपावर पूर्ण दाब येतो आणि तेल झपाट्याने तापते.